निकेल कार्बोनिल : विकत न आणलेले विष कसे ओळखावे आणि कसे टाळावे

निकेल कार्बोनिल हे विष बहुतेक कारखान्यांत कोणी विकत आणत नाही. गोदामाच्या वहीत त्याची नोंद नसते, पिंपावर त्याचे नाव नसते आणि रसायनांच्या यादीतही ते सापडेलच असे नाही. तरीही ज्या भांड्यात निकेलचा उत्प्रेरक (रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ, कॅटलिस्ट) भरलेला आहे आणि ज्यातून कार्बन मोनॉक्साइड मिसळलेला वायू जातो, त्या भांड्याचे तापमान उतरू लागले की ते आपोआप तयार होऊ शकते. बडोद्याच्या भोवती कोयली, फर्टिलायझरनगर, रणोली, नंदेसरी असा तेलशुद्धी, खते आणि रसायने यांचा पट्टा आहे. दांडिया बाजार, रावपुरा किंवा मकरपुऱ्यातून शिफ्टला जाणाऱ्या मराठी मंडळींपैकी अनेकांच्या तोंडी ‘कॅटलिस्ट’ आणि ‘शटडाऊन’ (दुरुस्तीसाठी प्रकल्प बंद ठेवणे) हे शब्द रोजचे आहेत. हा लेख त्यांच्यासाठी, म्हणजे ऑपरेटर, फिटर, ठेकेदाराचे पर्यवेक्षक, सुरक्षा अधिकारी आणि प्रयोगशाळेत काम करणारे विद्यार्थी यांच्यासाठी आहे. येथे दिलेले आकडे उद्योगात सर्वसाधारणपणे मानले जाणारे आहेत. आपल्या प्रकल्पाच्या लेखी कार्यपद्धतीत किंवा उत्प्रेरक पुरवणाऱ्याच्या सूचनेत अधिक कडक आकडा असेल तर तोच पाळावा.

पदार्थाची ओळख

निकेलच्या एका अणूभोवती कार्बन मोनॉक्साइडचे चार रेणू जोडले गेले की हा पदार्थ बनतो. तो रंगहीन किंवा फिकट पिवळसर, पाण्यापेक्षा जड असा द्रव आहे आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याचा उत्कलनबिंदू ४३ अंश सेल्सिअस आहे. बडोद्यात मे महिन्याच्या दुपारी पारा ४२-४३ पर्यंत जातो. म्हणजे त्या दिवशी उन्हात तापलेल्या पाइपमधला हा द्रव उकळण्याच्या बेतात असतो, तर जानेवारीच्या पहाटे तोच एखाद्या ड्रेनच्या कोपऱ्यात द्रवरूपाने निमूट साचून राहू शकतो. अर्थात थंडीच्या दिवसांत वाफ होत नाही असे मुळीच नाही. २० अंशांनाही त्याचा बाष्पदाब सुमारे ३१५ मिलिमीटर पारा इतका असतो, म्हणजे त्या द्रवाला लागून असलेल्या हवेत सुमारे चाळीस टक्के वाफ त्याचीच असू शकते. ही वाफ हवेच्या जवळपास सहापट जड असल्यामुळे खड्ड्यात, गटारात आणि भांड्याच्या तळाशी बसते.

तो पेटतोही. हवेतले त्याचे प्रमाण दोन टक्क्यांवर गेले की मिश्रण स्फोटक होते. परंतु आगीची भीती वाटण्याच्या कितीतरी आधी विषाची भीती वाटली पाहिजे, कारण अमेरिकेत आठ तासांच्या कामासाठी हवेतील मर्यादा ०.००१ पीपीएम (एक पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग), म्हणजे शंभर कोटी भागांत एक भाग, अशी ठरवलेली आहे आणि २ पीपीएम ही पातळी जिवाला तत्काळ धोका देणारी मानली जाते. सुमारे ३० पीपीएम हवेत अर्धा तास घालवणे माणसासाठी प्राणघातक ठरू शकते असा अंदाज आहे.

आकडे नुसते वाचून अंगावर येत नाहीत, म्हणून एक हिशेब करून पाहावा. तीन मीटर रुंद, चार मीटर लांब आणि तीन मीटर उंच अशी बंद खोली घेतली तर तिच्यात ३६ घनमीटर हवा असते. त्या खोलीत या द्रवाचा एक ग्रॅम, म्हणजे पाऊण मिलिलिटरहून किंचित अधिक, सांडून त्याची पूर्ण वाफ झाली तर सुमारे १४० मिलिलिटर वायू होतो आणि हवेतले प्रमाण जवळपास ४ पीपीएमवर जाते. ही पातळी जिवाला धोका असलेल्या पातळीच्या दुप्पट आणि दिवसभराच्या मर्यादेच्या चार हजार पट आहे.

वासावर विसंबणाऱ्यांसाठी येथेच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. या पदार्थाला काजळीसारखा, कुबट वास असतो असे पुस्तकांत लिहिलेले असते आणि ते खरेही आहे. पण तो वास साधारण ०.३ ते ३ पीपीएमच्या दरम्यान जाणवू लागतो. म्हणजे अगदी तीक्ष्ण नाकाच्या माणसालाही तो कळतो तेव्हा मर्यादा तीनशे पटीने ओलांडलेली असते. ‘वास आला की बाहेर पडू’ ही योजना नव्हे.

कार्बोनिलचा शोधही असाच, न मागता लागला. लुडविग माँड यांच्या रसायन कारखान्यात निकेलच्या झडपा कशाने खाल्ल्या जातात याचा शोध घेताना कार्बन मोनॉक्साइडकडे बोट गेले आणि १८९० साली माँड, लांगर आणि क्विंके यांनी हे संयुग जगापुढे मांडले. पुढे त्याच्याच साहाय्याने अतिशुद्ध निकेल काढण्याची पद्धत उभी राहिली.

पहिली पायरी : आपल्या प्रकल्पात ते कुठे होऊ शकते ते शोधणे

यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : बारीक कणांचे, क्षपित (ऑक्सिजन काढून धातुरूप झालेल्या) अवस्थेतले निकेल, कार्बन मोनॉक्साइड, आणि तुलनेने कमी तापमान. शेवटची गोष्ट नवख्या माणसाला चकवते, कारण इतर बहुतेक धोके तापमानाबरोबर वाढतात आणि हा मात्र तापमान उतरताना वाढतो. साधारण २०० अंशांच्या वर हे संयुग टिकत नाही, त्याचे पुन्हा निकेल आणि कार्बन मोनॉक्साइड होते. त्याखाली, आणि विशेषतः ५० ते १५० अंशांच्या टप्प्यात, ते तयार होण्यास अनुकूल परिस्थिती असते. दाबही त्याला मदत करतो. एका निकेलमागे चार कार्बन मोनॉक्साइड लागत असल्यामुळे त्या वायूचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) दुप्पट झाला तर समतोलात कार्बोनिलचे प्रमाण सोळापट होऊ शकते. हेच गणित उलटेही चालते, आणि बचावाचा सगळा भरवसा त्यावरच आहे : कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर आणला तर कार्बोनिल सोळाव्या हिश्शावर येते.

ही तीन चिन्हे घेऊन प्रकल्पाच्या नकाशावर फिरावे. अमोनिया प्रकल्पातील मिथेनेटर (कार्बन मोनॉक्साइडचे मिथेन करणारे भांडे) हे पहिले ठिकाण, कारण तेथे निकेल उत्प्रेरकावर उरलासुरला कार्बन मोनॉक्साइड मुद्दाम आणला जातो. हायड्रोजन बनवणारे रिफॉर्मर आणि प्री-रिफॉर्मर, निकेल-मॉलिब्डेनम उत्प्रेरकाचे हायड्रोट्रीटर (हायड्रोजनने तेलातले गंधक काढणारी भांडी), तेलाचे वनस्पती तूप करणारे ऑटोक्लेव्ह, औषधनिर्मितीत रेनी निकेल (बारीक, सच्छिद्र निकेल उत्प्रेरक) वापरणाऱ्या टाक्या, ही त्यापुढची. हायड्रोट्रीटरमधले निकेल गंधकाशी बांधलेले असते, त्यामुळे ते सहज प्रतिक्रिया देत नाही. तरीही त्याचा काही भाग क्षपित झालेला असू शकतो, म्हणून त्याला यादीतून वगळू नये. उत्प्रेरकावरचा कोक (साचलेला कार्बन) हवेने जाळण्याचे काम असेल तर तेथे कार्बन मोनॉक्साइड त्या जाळण्यातूनच तयार होतो, याची वेगळी नोंद करावी.

दुसरी पायरी : भांडे थंड करण्याआधी वायू बदलणे

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, कारण येथे चूक झाली नाही तर पुढच्या बहुतेक पायऱ्यांची वेळच येत नाही.

नियम असा की निकेल उत्प्रेरकाचे भांडे २०५ अंशांच्या खाली आणण्यापूर्वी त्यातील वायूत कार्बन मोनॉक्साइड १० पीपीएमच्या खाली आलेला असला पाहिजे. म्हणून आधी कार्बन मोनॉक्साइड आणणारी वाट बंद करावी, तापमान २०५ च्या वर धरून ठेवावे, आणि त्या स्थितीत नायट्रोजन किंवा कार्बन मोनॉक्साइडविरहित हायड्रोजन फिरवून भांडे धुऊन काढावे. भांड्याच्या बाहेर पडणाऱ्या वायूचे मोजमाप घ्यावे. काही अंतराने घेतलेली दोन मोजमापे लागोपाठ मर्यादेखाली आली तरच थंड करण्याची परवानगी द्यावी आणि ती लॉगबुकात वेळ, आकडा आणि सहीसह लिहावी. उत्पादनाची घाई असते तेव्हा या टप्प्यावरचे दोन-तीन तास सर्वांच्या डोळ्यांत खुपतात, आणि नेमके तेच तास कोणी कापू नयेत म्हणून परवानगीची सही शिफ्टमधल्या उत्पादन प्रमुखाऐवजी सुरक्षा विभागाकडे ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

फिरवला जाणारा वायू खरोखर शुद्ध आहे का, हेही तपासावे लागते. इंधन जाळून तयार केलेला ‘इनर्ट गॅस’ नायट्रोजनसारखा वापरण्याची सवय काही ठिकाणी असते. पण त्या वायूत जळण्यातून आलेला कार्बन मोनॉक्साइड असू शकतो आणि मग जे धुण्यासाठी आणले तेच विषाचा कच्चा माल ठरते. शेजारच्या युनिटकडून येणाऱ्या हायड्रोजनबाबतही हीच शंका बाळगावी. सुरुवात करतानाही क्रम तोच, फक्त उलट : क्षपित उत्प्रेरक आधी नायट्रोजनमध्ये २०५ च्या वर तापवावा आणि नंतरच कार्बन मोनॉक्साइड असलेला वायू आत घ्यावा.

ठरवून केलेल्या शटडाऊनपेक्षा अचानक वीज गेल्यामुळे झालेला ट्रिप (प्रकल्प एकदम बंद पडणे) अधिक धोक्याचा असतो, कारण तेव्हा भांडे आतल्या वायूसकट आपोआप थंड होत जाते आणि सगळ्यांचे लक्ष दुसरीकडे असते. यासाठी दाब उतरवून नायट्रोजन सोडण्याची पद्धत आधीच लिहिलेली, सरावलेली आणि वीज नसतानाही चालणारी असावी. एवढे करूनही भांडे कार्बन मोनॉक्साइडसह २०५ च्या खाली गेलेच, तर त्यात कार्बोनिल आहे असे गृहीत धरावे. ते उघडू नये, आतला वायू थेट हवेत सोडू नये. नायट्रोजनने फ्लेअरकडे (नको असलेला वायू जाळणाऱ्या धुराड्याकडे) ढकलत राहावे आणि मोजमापाने खात्री होईपर्यंत त्या मजल्यावर कोणालाही जाऊ देऊ नये.

तिसरी पायरी : मोजणे

कमरेला लावलेला कार्बन मोनॉक्साइडचा मीटर कार्बोनिल दाखवील असे समजू नये. तो मूळ वायूची सूचना देतो, आणि तेवढ्यापुरता उपयोगी आहे. कार्बोनिल मोजण्यासाठी सतत चालणारे विशेष विश्लेषक मिळतात, आणि जेथे धोका कायमचा आहे तेथे तेच हवेत. शटडाऊनच्या कामात बहुधा डिटेक्टर ट्यूब हाती येते. काचेच्या बारीक नळीची दोन्ही टोके मोडायची, बाणाची दिशा पाहून ती हातपंपात बसवायची आणि सांगितलेल्या संख्येने पंप दाबायचा. आतल्या थरात आयोडीन कार्बोनिलला फोडते आणि सुटे झालेले निकेल पुढच्या थरात गुलाबी रंग देते. हा रंग साधारण ०.१ पीपीएमपासून दिसतो. म्हणजे नळीत गुलाबी रंग आला नाही तर हवा ०.००१ च्या आत आहे असे सिद्ध होत नाही. फक्त मोठा धोका नाही एवढेच कळते. मुदत संपलेली नळी वापरू नये आणि नमुना वरच्या मॅनहोलमधून एकदाच न घेता वर, मध्ये आणि तळाशी असा तीन ठिकाणी घ्यावा, कारण वाफ तळाशी बसते. ड्रेन, बंद टोकाचे पाइप आणि थंड राहिलेले कोपरे वेगळे तपासावेत.

चौथी पायरी : भांडे उघडणे आणि आत जाणे

भांड्याला जोडलेली प्रत्येक लाइन ब्लाइंड (पाइप पूर्ण बंद करणारी अखंड चकती) घालून तोडावी. नुसता व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे लाइन तुटली असे होत नाही. बंदिस्त जागेत शिरण्याचा लेखी परवाना, बाहेर उभा असलेला पहारेकरी, दोरी आणि कंबरपट्टा ही १९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम ३६ पासून चालत आलेली शिस्त येथे अधिकच कडकपणे पाळावी. वापरलेला उत्प्रेरक हवा लागताच पेटू शकतो, म्हणून तो बहुधा नायट्रोजनमध्येच काढला जातो. ते काम खास प्रशिक्षण घेतलेल्या टोळीचेच आहे.

श्वसनासाठी फिल्टरचा मास्क येथे चालत नाही, मग कार्ट्रिज कितीही महागाचे असो. पाठीवर स्वतःचे सिलिंडर असलेले, पूर्ण चेहरा झाकणारे आणि आत धन दाब (बाहेरच्या हवेपेक्षा किंचित जास्त दाब) राखणारे यंत्रच वापरावे, किंवा नळीने हवा पुरवणारे यंत्र सोबत सुटकेच्या सिलिंडरसह घ्यावे. कॅनिस्टरचा मास्क फक्त पळून जाण्यापुरता. आपल्याकडे एक विशेष अडचण येते : श्रावणात दाढी न करण्याचा नेम पुष्कळ जण पाळतात आणि दाढी असलेल्या चेहऱ्यावर मास्कची कड नीट बसत नाही. नेमाचा मान ठेवूनही हे काम त्या माणसाला देता येत नाही. शटडाऊन श्रावणात येत असेल तर कामाची वाटणी करतानाच हे विचारून घ्यावे, म्हणजे ऐन वेळी भांड्याच्या तोंडाशी वाद होत नाही.

गळती झाल्यास वाऱ्याच्या उलट दिशेने आणि उंचावर जावे. बडोद्यात पावसाळ्यात वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, पण कारखान्यातल्या इमारतींमधून तो कसाही वळतो, म्हणून अंदाजावर न जाता वातकुक्कुट किंवा वाऱ्याची पिशवी पाहावी. पाणी मारून हा पदार्थ विरघळत नाही. पेटलेला असेल आणि वायूचा पुरवठा तोडता येत नसेल तर ज्योत विझवण्याची घाई करू नये. शेजारची भांडी पाण्याने थंड ठेवावीत, कारण न जळता पसरलेला वायू जळणाऱ्यापेक्षा वाईट.

प्रयोगशाळेतील मित्रांसाठी थोडेच सांगायचे आहे. शून्य ऑक्सिडीकरण अवस्थेतले निकेल हवे असेल तर सायक्लोऑक्टाडाइनचे निकेल संयुग घन स्वरूपात मिळते. त्यासाठी कार्बोनिल हाताळण्याचे कारण उरत नाही. कार्बन मोनॉक्साइडचे पोलादी सिलिंडर जुने असेल तर त्यात लोहाचे कार्बोनिल असू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

पाचवी पायरी : संपर्क झाल्याचा संशय आल्यास

या विषाची फसवणूक अशी की ते दोन हप्त्यांत येते. सुरुवातीला कपाळ दुखते, चक्कर येते, मळमळते, कधी उलटी होते. मोकळ्या हवेत बसले की हे सगळे थोड्या वेळात ओसरते. माणसाला वाटते, उन्हाने झाले असेल. तो स्कूटर काढतो, घरी जातो, बाम चोळून पडतो. त्यानंतर साधारण १२ ते ३६ तासांनी, कधी त्याहूनही उशिरा, छाती आवळल्यासारखी होते, कोरडा खोकला येतो, धाप लागते, ओठ निळसर पडतात, घाम फुटतो आणि अंगातले त्राण जाते. फुप्फुसाच्या आत शिरलेले कार्बोनिल पेशींत फुटून निकेल सोडते आणि त्याने फुप्फुसाला सूज येते. मृत्यू होतो तो बहुधा संपर्कानंतर चार ते तेरा दिवसांत. १९५३ साली अमेरिकेतील पोर्ट आर्थर येथील एका तेलशुद्धी कारखान्यात शंभराहून अधिक कामगार या वायूच्या तावडीत सापडले होते आणि त्या रुग्णांच्या अभ्यासातूनच उपचाराची पुढची दिशा ठरली.

म्हणून संशयित माणसाला बरे वाटते आहे यावर सुटी देऊ नये. आधी त्याला मोकळ्या हवेत आणावे, वाचवणाऱ्याने स्वतः श्वसनयंत्र लावूनच आत जावे, कपडे काढून पिशवीत बंद करावेत, त्वचा साबणपाण्याने धुवावी, ऑक्सिजन द्यावा आणि १०८ ला फोन करून रुग्णालयात न्यावे. पहिल्या आठ तासांतील सर्व लघवी प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत साठवावी आणि सुरुवातीची वेळ तिच्यावर लिहावी. तिच्यातील निकेल एका लिटरमागे १०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर संपर्क सौम्य, १०० ते ५०० असेल तर मध्यम आणि त्यापुढे गंभीर मानला जातो. ही तपासणी प्रत्येक ठिकाणी होत नाही. कोणत्या प्रयोगशाळेकडे पाठवायची हे शटडाऊनच्या आधीच ठरलेले असावे. डायइथाइल डायथायोकार्बामेट हे औषध या विषबाधेत वापरले गेले आहे, पण ते सहज मिळत नाही आणि कोणते औषध द्यायचे हा निर्णय डॉक्टरांचाच आहे.

तातडीच्या विभागातील तरुण डॉक्टरांनी हा रुग्ण कधी पाहिलेला असण्याची शक्यता कमी, आणि ‘गॅस लागला’ एवढेच ऐकले तर ते कार्बन मोनॉक्साइड समजून संध्याकाळी घरी पाठवू शकतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येकाच्या खिशात एक छापील चिठ्ठी : पदार्थाचे नाव निकेल टेट्राकार्बोनिल, संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक १२५९, संपर्काची वेळ, लक्षणे उशिरा येतात म्हणून निरीक्षणाखाली ठेवण्याची विनंती, आणि कंपनीच्या डॉक्टरांचा फोन. चिठ्ठी मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असावी.

घरच्यांनाही सांगावे लागते. शिफ्ट प्रमुखाने वयस्क फिटरला “काका, आज घरी एकटे झोपू नका, काकूंना सांगून ठेवा, रात्री धाप लागली तर सकाळची वाट पाहू नका” असे सांगणे हे रुग्णालयातून सुटी मिळाल्यानंतरचे काम आहे; निरीक्षणाच्या बदल्यात ते चालत नाही. पुढे थकवा काही महिनेही रेंगाळू शकतो, तेव्हा कामावर परत घेताना छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसांची तपासणी करून घ्यावी. ठेकेदाराची टोळी मात्र काम संपताच दुसऱ्या गावच्या शटडाऊनला निघून जाते, आणि त्रास सुरू होतो तेव्हा तिथल्या डॉक्टरांना बडोद्यात काय घडले याचा पत्ताच नसतो. म्हणून अशा प्रत्येक माणसाचे नाव, मोबाइल आणि घरच्या एका व्यक्तीचा क्रमांक गेटवरून सोडण्याआधी लिहून घ्यावा, चिठ्ठी त्याच्या खिशातच राहू द्यावी आणि पुढचे दोन आठवडे रोज त्याला फोन करण्याचे काम एका ठरावीक माणसाकडे सोपवावे.